सार्जंटची टोपी आणि मानकोलीची घोडी

गेल्या वैशाखात मानकोलीच्या नाक्यावर एक वरात अडकली. त्या वरातीत मीही होतो. मुंबई–नाशिक रस्त्यावरचा हा नाका ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढेच डोळ्यांसमोर आणावे, की जिथे एके काळी भाताची खाचरे होती तिथे आता दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामे उभी आहेत, आणि साबणापासून शीतकपाटापर्यंत मुंबईला लागणारा सारा माल या गोदामांतून निघून नाक्यावर येऊन खोळंबतो. त्या खोळंब्याच्या मधोमध आमची वरात. पुढे बँड, मागे बायका, आणि मध्ये पांढऱ्या घोडीवर बाशिंग बांधलेला नवरदेव.

एवढ्यात एका ट्रेलरवाल्याने भोंगा वाजवला आणि घोडीने पुढचे दोन्ही पाय उचलले. नवरदेवाने तिची आयाळ धरली, बायकांनी देवाचा धावा केला, आणि बँडवाल्यांनी, का कोण जाणे, अधिकच जोराने वाजवायला सुरुवात केली. घोडी धरणारा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल. त्याने चाबूक उगारला नाही की लगाम हिसकला नाही. तो तिच्या मानेला खेटून उभा राहिला, गळ्यावर तळहात ठेवला, कानाशी काहीतरी पुटपुटला, आणि घोडीने पाय खाली टेकले. मग दोन ट्रेलरांच्या मधल्या बोळात त्याने तिला चार पावले मागे नेले, तिथल्या तिथे वळवले आणि रस्त्याच्या कडेला काढले. नवरदेवाचे बाशिंग तेवढे सरळ करावे लागले.

मांडवात सरबत घेताना मी सहज म्हणालो, “हा मुलगा ऑलिम्पिकला जायला हवा.” मंडळी हसली. हसणाऱ्यांत दोन पक्ष होते, आणि हा लेख त्या दोन्ही पक्षांविरुद्ध आहे.

पहिला पक्ष एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा. ते म्हणाले, “अहो, घोड्यावरचे खेळ म्हणजे श्रीमंतांचे चोचले. परवा हांगझोऊला पदक मिळाले ते पोरांना नव्हे, त्यांच्या बापांच्या तिजोरीला मिळाले. असले खेळ स्पर्धांतून काढूनच टाकावेत.” दुसरा पक्ष गडकिल्ल्यांवर व्याख्याने देणाऱ्या एका गृहस्थांचा. ते म्हणाले, “छे, छे! घोडा म्हणजे मराठ्यांचा प्राण. अटकेपार गेलेल्या घोड्यांचे आम्ही वारस. आम्हाला पदकांचे काय अप्रूप?” एकाला घोडा नकोच आहे, आणि दुसऱ्याला तो फक्त पुतळ्याखाली हवा आहे. दोघांच्याही हिशेबात नाक्यावरचा तो मुलगा कुठेच नव्हता.

त्या दोघांना मी मांडवात जी गोष्ट सांगू लागलो आणि पंगत बसल्यामुळे जी अर्धीच राहिली, ती येथे पुरी सांगतो.

१९४८ साल. महायुद्ध संपून तीन वर्षे झालेली. बारा वर्षांच्या खंडानंतर ऑलिम्पिक खेळ लंडनला भरले. लंडन तेव्हा रेशनच्या तुकड्यावर जगत होते. नवी मैदाने बांधायला पैसा नव्हता. खेळाडूंची सोय सैन्याच्या छावण्यांत आणि कॉलेजांत केलेली. पाहुण्यांनी आपापले टॉवेल बरोबर आणावेत, अशी विनंती यजमानांनी केली होती. जर्मनी आणि जपान यांना आमंत्रणच नव्हते. वेम्ब्लीच्या मैदानावर १२ ऑगस्टला स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने ब्रिटनला चार गोलांनी हरवले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर माहीत आहे. पण त्याच हिरवळीवर दोनच दिवसांनी, खेळांच्या अखेरच्या दिवशी, घोड्यांच्या उड्यांची शर्यत झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ती मेक्सिकोच्या उम्बेर्तो मारिलेस या फौजी अधिकाऱ्याने जिंकली. त्याचा ‘आरेते’ नावाचा घोडा एका डोळ्याने आंधळा होता असे सांगतात. मेक्सिकोचे ऑलिम्पिकमधले हे पहिले सुवर्णपदक. मारिलेसची पुढची कहाणी मात्र तुरुंगात संपली. ती सणाच्या दिवशी नको.

माझी गोष्ट त्याच्याआधी चार-पाच दिवसांची, ऑल्डरशॉटच्या लष्करी छावणीतली. तिथे ड्रेसाजची स्पर्धा झाली. ड्रेसाज म्हणजे काय, हे घरातल्या मुलांसाठी सांगतो. यात उडी नाही, धाव नाही. ठरलेल्या चौकोनात घोड्याने ठरलेली पावले टाकायची: कधी संथ, कधी दुडकी, कधी तिरपे सरकायचे, कधी जागच्या जागी वळायचे. स्वाराने काय खूण केली हे पाहणाऱ्याला दिसताही कामा नये. मानकोलीच्या बोळात त्या मुलाने बाहेर उभे राहून घोडीकडून जे करून घेतले, त्याचेच हे पाठीवर बसून केलेले, वर्षानुवर्षे घोटलेले रूप.

स्वीडनच्या तिघांनी सांघिक सुवर्णपदक जिंकले. हेन्री सेंट सीर, बोल्टेनस्टर्न आणि येनेल पेर्सन. पहिले दोघे सैन्यातले अधिकारी. तिसरा, पेर्सन, होता सार्जंट. आपल्याकडे पायदळात ज्याला हवालदार म्हणतात आणि घोडदळात दफेदार, त्या पायरीचा माणूस. आणि नियम असा होता की ऑलिम्पिकमध्ये घोड्यावर बसायचे ते सनदी अधिकाऱ्याने, नाही तर ‘सभ्य गृहस्थ’ म्हणवणाऱ्या हौशी नागरिकाने. शिपाई, नाईक, हवालदार यांना मज्जाव. कारण काय? तर ते पगारासाठी घोडा फिरवतात, म्हणजे धंदेवाईक ठरतात! अहो, मग अधिकारी काय उपाशीपोटी घोडा फिरवत होते? त्यांनाही पगार होता, आणि तो सार्जंटपेक्षा जास्त होता. त्यांच्या बुडाखालचे घोडेही पुष्कळदा सरकारी तबेल्यातलेच. पण अधिकारी पगार घेतो तेव्हा त्याला मानधन म्हणायचे आणि सार्जंट घेतो तेव्हा मजुरी, हा न्याय आपल्या देशाला नवा नाही, इंग्लंड-युरोपलाही नव्हता.

स्वीडनने त्यावर तोड काढली. खेळांच्या तोंडावर पेर्सनला बढती देऊन लेफ्टनंट केले. तो लंडनला गेला, आपल्या ‘क्नाउस्ट’ नावाच्या घोड्यावर बसून व्यक्तिगत क्रमवारीत सहावा आला, संघाला सोने मिळवून दिले. आणि परत आल्यावर काही आठवड्यांतच त्याला पुन्हा सार्जंट केले! अशी एक गोष्ट सांगतात की स्पर्धेच्या दिवशी त्याच्या डोक्यावर चुकून जुनीच, सार्जंटची टोपी होती, आणि कोणाच्या तरी ती डोळ्यांत भरली. टोपीची कथा खरी असो वा रचलेली, पुढचे मात्र नोंदलेले आहे. १९४९ साली स्वीडनचा संघ बाद ठरवण्यात आला, आणि सुवर्णपदक दुसऱ्या आलेल्या फ्रान्सकडे गेले.

स्वीडनने लबाडी केली, हे खरे. काही आठवड्यांची बढती म्हणजे नाटकातला मुकुट. परंतु या लबाडीने कोणाचे काय गेले? क्नाउस्टला काय ठाऊक की पाठीवरचा माणूस कोणत्या पायरीचा आहे? घोड्याला हात कळतो, मांड कळते, भीती कळते. खांद्यावरचे तारे त्याला दिसत नाहीत. पंचांनीही गुण दिले ते पावलांना पाहूनच. जे नापास झाले ते माणसाचे कूळ.

हा नियम पडला तो कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. महायुद्धात घोड्याची जागा रणगाड्याने घेतली होती. घोडदळे मोडली, त्यांच्या शाळा ओस पडल्या, आणि सभ्य अधिकारी स्वार म्हणून पुरवायला फौजाच उरल्या नाहीत. तेव्हा कुठे दार उघडले. १९५२ साली हेलसिंकीला सार्जंटांना प्रवेश मिळाला, आणि ड्रेसाजमध्ये बायकांनाही. त्या वर्षी डेन्मार्कची लिस हार्टेल ही बाई रौप्यपदक जिंकून गेली. पोलिओने तिच्या गुडघ्याखालच्या पायांत बळ उरले नव्हते. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला दुसऱ्याची मदत लागे. दार बंद असताना आपण कोणाकोणाला बाहेर उभे केले होते, हे दार उघडल्याबरोबर पहिल्याच दिवशी दिसले! आणि पेर्सन? हेलसिंकीला स्वीडनचे तेच तिघे पुन्हा उतरले आणि सुवर्णपदक घेऊन गेले. चार वर्षांनी परत तेच तिघे, परत तेच पदक. टोपीची चौकशी या वेळी कोणी केली नाही.

आता त्याच हेलसिंकीतली आपली हकीकत आठवा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथे कुस्तीत ब्राँझपदक मिळवले. तिकडे जायला लोकांनी वर्गणी काढली; कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले, असे आजही सांगतात. त्याआधी १९४८ च्या लंडनलाही खाशाबा गेले होते आणि सहावे आले होते. त्याहीआधी, पहिल्या महायुद्धानंतर १९२० साली अँटवर्पला जे खेळ भरले, तिथे बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. म्हणजे दोन्ही महायुद्धांनंतरच्या पहिल्या ऑलिम्पिकला मराठी मुलखातला माणूस हजर होता. पण तो पायी आला होता! ज्यांच्या घोड्यांच्या नावाने आमची व्याख्याने रंगतात, त्यांच्यातला एकही घोड्यावर नव्हता. ऑलिम्पिकमध्ये भारताचे पहिले घोडेस्वार दिसले ते १९८० साली मॉस्कोला.

व्याख्यानवाल्या गृहस्थांना मी येथेच थांबवतो. त्यांना वारसा हवा आहे ना? मग वारशात काय होते ते तरी पाहू. शिवाजी महाराजांच्या घोडदळात स्वार दोन प्रकारचे. शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा. आणि बारगीर, म्हणजे ज्याला घोडा सरकारच्या पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. त्या पंचवीस जणांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. महाराजांचा भर होता पागेवर, बारगिरांवर. शिलेदारांनाही त्यांनी पागेच्या हुकमतीखाली ठेवले. ज्याच्या घरी घोडा नाही त्याच्या मांडीत बळ नसते असे काही नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मावळातल्या शेतकऱ्याच्या पोराला अरबी घोडा कुठून परवडणार? तो पागेने दिला. लंडनच्या १९४८ च्या नियमाप्रमाणे त्या पागेतला पंचवीस स्वारांचा हवालदार बाद ठरला असता!

मानकोलीच्या परिसराला तर घोड्याची किंमत फार पूर्वीपासून ठाऊक आहे. खाडीपलीकडे ठाणे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या ठाण्याच्या राज्याविषयी लिहून ठेवले आहे, की इथल्या राजाचा चाच्यांशी करारच होता: लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे मात्र माझे. इतका घोडा दुर्मिळ, आणि इतका मोलाचा. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. मानकोलीच्या शेजारचे अंजूर हे तर गंगाजी नाईकांचे गाव. त्यांच्या खटपटीवाचून १७३७ ची ठाणे-साष्टीची मोहीम उभी राहिली नसती. ज्या मातीत हे घडले तिथे आज घोडा दिसतो तो फक्त लग्नसराईत, आरशांची झूल घालून, तासाच्या भाड्याने.

आता बँकेतल्या गृहस्थांकडे वळतो. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. त्यात निम्मे सत्य आहे, आणि निम्मे सत्य पुऱ्या खोट्यापेक्षा अधिक घोटाळा करते. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. या चौघांच्या कष्टांना माझा नमस्कार. कोवळ्या वयात घरदार सोडून परमुलखात राहायचे, पहाटे उठून घोड्याची सेवा करायची, हे तिजोरी करीत नाही, माणूस करतो. पण ते युरोपात राहून शिकले आणि तिथल्याच घोड्यांवर तयार झाले, हेही खरे. आणि तसे करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. इथला घोडा इथून थेट युरोपात न्यायचा तर रोगांच्या नियमांची भिंत आडवी येते. अशी भिंत किती उंच असते, हे १९५६ साली जगाने पाहिले. ऑलिम्पिक मेलबर्नला ठरले होते, पण ऑस्ट्रेलियाने बाहेरचे घोडे आत घ्यायला नकार दिला, आणि घोड्यांच्या स्पर्धा तेवढ्या उचलून पाच महिने आधी स्टॉकहोमला भरवाव्या लागल्या. आपल्या बाजूने या भिंतीला पहिली खिडकी पडली ती २०२५ च्या जुलैत. मीरतच्या सैनिकी अश्वकेंद्रातील तबेल्यांना रोगमुक्त म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि इथला घोडा बाहेर धाडण्याची वाट उघडली. खिडकी मीरतला उघडली, ती सैन्यामुळे. बाकीच्या मुलखाने अजून हातोडीही उचललेली नाही.

तर मग श्रीमंतांचा खेळ म्हणून तो काढून टाकायचा का? अहो, श्रीमंतांनी तो पळवला म्हणून आपण तो त्यांना कायमचा देऊन टाकायचा? हा कुठला शहाणपणा? हांगझोऊच्या आधीचे आपले सुवर्णपदक ४१ वर्षांपूर्वीचे, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांतले. तेव्हा तीन दिवसांच्या अश्वस्पर्धेत रघुबीर सिंग पहिला, गुलाम मोहम्मद खान दुसरा, प्रल्हाद सिंग तिसरा. सांघिक सोनेही आपले. हे सैन्यातले स्वार. त्यांना तयार केले ते सरकारी तबेल्याने. मराठीत सांगायचे तर १९८२ चे सोने बारगिरांचे, २०२३ चे शिलेदारांचे. बारगीर जिंकू शकत नाही असे कोण म्हणेल? पहिली तिन्ही पदके एका दमात आणणारे बारगीरच होते. फरक एवढाच, की आपल्याकडे बारगीर व्हायचे तर आधी पलटणीत भरती व्हावे लागते. चौदा वर्षांच्या मुलाला पागेचे दार नाही.

नाही म्हणायला एक दार महाराष्ट्रात होते आणि आहे. महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो. घोड्याची किंमत मालक भरतो आणि मालकाची हौस जुगार भागवतो. त्या दाराने पांडू खाडे, वसंत शिंदे यांच्यासारखे नामांकित मराठी जॉकी पुढे आले. मांडीखाली उमदा घोडा आला की मराठी पोर काय करते, याचा पुरावा तिथे तक्त्यावर लिहिलेला असे. परंतु लाखमोलाचा घोडा परक्या घरच्या पोराच्या हाती विश्वासाने देण्याचे काम या राज्यात फक्त जुगाराने करावे, आणि शाळेने करू नये, सरकारने करू नये, याची आम्हाला लाज वाटत नाही, ती वाटायला हवी. खासगी क्लब आहेत, सैनिकी शाळा आहेत. नाशिकच्या भोसला शाळेत मुले घोड्यावर बसतात ती पाहून ऊर भरून येतो. पण तिथवर पोहोचायला आधी फी लागते. १९४८ साली सार्जंटला टोपीने अडवले, आज फी अडवते.

कोणी म्हणेल, घोड्याचे हाल होतात त्याचे काय? हा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो घेणाऱ्याला मी हसणार नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पंचखेळात ‘सेंट बॉय’ नावाच्या घोड्याने उडी मारायला नकार दिला. वर बसलेली जर्मन मुलगी रडत होती, आणि तिच्या शिक्षिकेने कुंपणाबाहेरून घोड्याला बुक्की मारली. साऱ्या जगाने ते पाहिले. २०२४ साली पॅरिसच्या तोंडावर इंग्लंडच्या शार्लट दुजार्डिन या नामवंत स्वार बाईंनी घोड्याला चाबकाने मारल्याची चित्रफीत निघाली आणि त्यांना माघार घ्यावी लागली. ठीकच झाले. पण टोकियोच्या प्रकारावर उपाय काय काढला? पॅरिसनंतर पंचखेळातून घोडाच काढून टाकला! आता गंमत अशी, की स्वतःचा घोडा न आणता ज्यात उतरता येई असा ऑलिम्पिकमधला तो एकच प्रकार होता. घोडे यजमान देत, चिठ्ठी टाकून वाटत, आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटे मिळत. म्हणजे बारगिराची तेवढी एकच जागा उरली होती, ती गेली. लाखोंचा घोडा विमानातून आणणाऱ्यांच्या स्पर्धा जशाच्या तशा राहिल्या. वीस मिनिटांची ओळख घोड्यावर अन्याय करणारी होती, हे मान्य. मग दोन दिवसांची करायची होती! घोड्याची कणव ज्यांना आहे त्यांनी एकदा मानकोलीच्या नाक्यावर उभे राहावे. तिथे कणव होती ती त्या मुलाच्या तळहातात. ट्रेलरवाल्यांच्या आणि वऱ्हाड्यांच्या, माझ्यासकट, ती नव्हती.

तर मग मागणे काय? पुतळे पुष्कळ झाले. भीमथडीच्या तट्टांचे नाव आमच्या राज्यगीतात आहे. ते आम्ही उभे राहून गातो आणि मग खाली बसतो. पण ते तट्टू आज मेंढपाळांच्या बिऱ्हाडामागे ओझे वाहत चालले आहे, त्याच्यावर मांड टाकायला शिकवणारी एक तरी सरकारी शाळा आहे काय? दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा केवढा मोठा बाजार भरतो. तिथे फेटे, ढोल, मंत्री, छायाचित्रे सारे असते. त्या बाजारातून दहा घोडी सरकारने विकत घ्यावीत. ठाणे जिल्ह्यात एवढी गोदामे मावतात तिथे एक पागाही मावेल. तिला पखालजी असावा, नालबंद असावा, एक खराखुरा पशुवैद्य असावा, आणि सैन्यातून निवृत्त झालेला एक दफेदार शिक्षक म्हणून असावा. बापाचा पगार विचारायचा नाही. मुलाला घोडीजवळ उभे करायचे आणि घोडी कान मागे पाडते की पुढे करते ते पाहायचे. प्रवेशपरीक्षा एवढीच.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणी म्हणू नये. ज्या स्वीडनने पेर्सनला काही आठवड्यांचा लेफ्टनंट केला, त्याच स्वीडनमध्ये आज घोडेस्वारीच्या शाळा गावोगाव आहेत. बहुतेक सभासदांनी चालवलेल्या आणि नगरपालिकांच्या मदतीवर उभ्या. तिथे सामान्य घरच्या मुली संध्याकाळी जाऊन शाळेच्या घोड्याला खरारा करतात आणि शाळेच्याच घोड्यावर बसतात. टोपीची लबाडी करणाऱ्या देशाने पुढे ती करण्याची गरजच ठेवली नाही. आम्ही लबाडी केली नाही, कारण आम्ही काहीच केले नाही.

बँकेतले गृहस्थ पंगतीत मला म्हणाले होते, “सगळे ठीक, पण पैसा कुठून आणणार?” मी म्हणालो, “साहेब, नवरदेवाला तासभर घोडीवर बसवायला आज किती मोजले, ते यजमानांना विचारा. आपल्या जिल्ह्यात एका लग्नसराईत असे किती तास होत असतील?” त्यावर ते जिलबी वाढणाऱ्याकडे वळले.

रात्री निघताना तो मुलगा मांडवामागे घोडीची झूल सोडत होता. आरसे एकेक काढून त्याने फडक्यात बांधले, मग ओल्या हाताने तिच्या पाठीवरचे वळ पुसले. मी विचारले, “बाळ, तू बसतोस का रे हिच्यावर?”

“नाय काका. शेठ बसू देत नाय. बसायचे पैसे असतात.”

“मग हे वळवणे वगैरे कुठे शिकलास?”

“कुठं म्हणजे? हिच्याकडंच.”

त्याने लगाम हातात घेतला. रस्त्यावरची गर्दी आता ओसरली होती, पण ट्रेलर चालूच होते. भिवंडीच्या बाजूला गोदामांच्या कडेकडेने दोघे निघाली. घोडी रिकाम्या पाठीने, आणि तो तिच्या शेजारून पायी.